साडेतीन टक्के, पण दर महिन्याला

नगरजवळच्या भिंगारमध्ये कुणी व्याजाने पैसे काढले की ऐकणारा आधी विचारतो, "किती टक्क्याने?" उत्तर येतं, "तीन टक्क्याने." हे तीन टक्के महिन्याचे, म्हणजे वर्षाचे छत्तीस, हे दोघांनाही ठाऊक असतं. मग सल्ला मिळतो : लवकर फेडून मोकळा हो. गंमत अशी की सल्ला देणाऱ्याच्या खिशात बहुधा क्रेडिट कार्ड असतं आणि त्याच्या अटींच्या कागदावर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लिहिलेलं असतं. वर्षाचे झाले बेचाळीस ते पंचेचाळीस. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन टक्क्यांचं कार्ड प्रत्यक्षात महिन्याला ४.१३ टक्के घेतं. सावकाराच्या तीन टक्क्यांना दचकणारा माणूस या आकड्याला दचकत नाही, कारण तो आकडा त्याला कुणी तोंडाने सांगितलेला नसतो.

कार्ड वाईट असतं असं मात्र नाही. नीट वापरणाऱ्याला ते महिना-दीड महिना फुकट उधारी देतं, आणि बेसावध माणसाकडून त्याची वसुली करतं. आपण कुठल्या बाजूला आहोत हे कळण्यासाठी बिल वाचता आलं पाहिजे. या लेखात तेवढंच करायचं आहे.

दराला वरची मर्यादा आहे का?

थोडक्यात उत्तर : नाही. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावं हे राज्य शासनाने २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली ठरवून दिलं. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, बिगरशेतकऱ्याला तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. बँकांना हा कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये निकाल दिला होता की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१-अ नुसार केवळ व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. म्हणून जे पाहायचं ते सही करण्याआधी, ओटीपी देण्याआधी पाहायचं.

आपल्या नगर जिल्ह्याला हिशेबाच्या कागदाची किंमत फार जुनी ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला. हे सुपे पारनेरचं नव्हे, बारामतीकडचं. पण तो वणवा लगेच पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत पोचला. लोकांचा राग मुख्यतः खतांवर आणि रोख्यांवर होता. कर्जखतं मिळवायची आणि जाळायची, असं गावोगाव घडलं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतल्या शेतकरी ऋणकोला त्यात भरण्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. त्या पिढीला जो कागद दंगा करून मिळवावा लागला तो आज दर महिन्याला ई-मेलवर आपोआप येतो, आणि बहुतेक घरांत न उघडता पडून राहतो.

बिलावरच्या दोन तारखा

बिल उघडलं की आधी दोन तारखा शोधा. एक, बिल बनतं ती तारीख. दुसरी, भरण्याची शेवटची तारीख. समजा, बिल दर महिन्याच्या १६ तारखेला बनतं आणि शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५ आहे. १७ जूनला केलेली खरेदी १६ जुलैच्या बिलात येते आणि ५ ऑगस्टला भरायची असते. तुम्हाला ४९ दिवस बिनव्याजी मिळाले. १५ जुलैला केलेली खरेदीही त्याच बिलात येते, पण तिला मिळाले फक्त २१ दिवस. जाहिरातीत ‘५० दिवसांपर्यंत बिनव्याजी’ लिहितात, त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. मोठी खरेदी बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी केली तर सर्वांत जास्त मुदत मिळते.

भिंगारला याचा एक सरळ उपयोग आहे. इथल्या लष्करी छावणीतल्या नोकरदाराचा पगार आणि माजी सैनिकाचं निवृत्तिवेतन महिनाअखेरीला खात्यावर येतं. बिल भरायची शेवटची तारीख महिन्याच्या २५ ची असेल तर नेमका खिसा रिकामा असताना बिल दारात उभं राहतं. ती तारीख ५ च्या आसपास असावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घेता येतं. बँकेच्या ॲपमधून किंवा ग्राहक सेवेला फोन करून ते करा. शुल्क लागत नाही आणि पुढच्या कितीतरी अडचणी टळतात.

दुसरी अडचण बदलीच्या आणि सीमेवरच्या घरांची. कार्ड ज्याच्या नावावर तो मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी, आणि घर इकडे. अशा वेळी खात्यातून आपोआप बिल भरलं जाण्याची सोय लावून ठेवावी. मात्र ती लावताना ‘संपूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय येतात. संपूर्ण रक्कमच निवडा. अनेकांनी घाईत दुसरा पर्याय निवडलेला असतो आणि ‘आमचं बिल तर वेळेवर जातं’ अशा समजात ते वर्षभर व्याज भरत राहतात.

हजार रुपये मागे राहिले तर

आता सगळ्यात मोठा गैरसमज. वीस हजारांचा फ्रिज १७ जूनला कार्डावर घेतला. दुसरी खरेदी नाही. ५ ऑगस्टला १९,००० भरले, हजार राहिले. आपल्याला वाटतं, हजारावर व्याज लागेल, म्हणजे तीस-पस्तीस रुपये.

तसं होत नाही. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते. बहुतेक बँकांच्या अटींनुसार मग खरेदीच्या तारखेपासून व्याज मोजलं जातं. वीस हजारांवर १७ जून ते ५ ऑगस्ट असे ४९ दिवस, वर्षाला ४२ टक्क्यांनी, सुमारे १,१२८ रुपये. पुढे उरलेल्या हजारावर १६ ऑगस्टच्या बिलापर्यंत आणखी १३ रुपये. त्यावर जीएसटी सुमारे २०५. एकूण १,३४५ रुपयांच्या आसपास. मागे राहिलेल्या हजारापेक्षा जास्त.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा, पेट्रोल, मुलांच्या वह्या, सगळ्यावर घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणून पूर्ण भरणं जमणार नाही असं दिसलं की त्या महिन्यात कार्ड बाजूला ठेवा आणि रोख किंवा बचत खात्यातून खर्च करा.

तुमच्या बँकेची नेमकी रीत काय, हे अटींच्या कागदात उदाहरणासह दिलेलं असतं. तेवढं एक पान वाचाच.

किमान रक्कम कुणाच्या सोयीची?

बिलावर दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात : एकूण देय आणि किमान देय. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड लागत नाही आणि खातं थकीत धरलं जात नाही. फायदा एवढाच. व्याज चालूच राहतं.

पन्नास हजारांची बाकी घेऊन हिशेब करू. नवी खरेदी अजिबात नाही, व्याज-जीएसटी मिळून महिन्याला ४.१३ टक्के, आणि दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के भरणा. पहिल्या महिन्यात २,०६५ रुपये व्याज आणि जीएसटी चढतो. तुम्ही २,६०३ रुपये भरता. बाकी कमी होते ती फक्त ५३८ रुपयांनी. असं बारा महिने चाललं तर तुमच्या खिशातून सुमारे २९,४५० रुपये जातात आणि वर्षअखेरीला बाकी उरते जवळजवळ ४३,९००. किमान रक्कम काढायची पद्धत प्रत्येक बँकेची थोडी वेगळी असते, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. दिशा हीच राहील.

तेच पन्नास हजार वैयक्तिक कर्ज म्हणून वर्षाला १४ टक्क्यांनी घेतले तर बारा महिन्यांचा हप्ता सुमारे ४,४९० रुपये. वर्षात कर्ज संपलं, व्याज गेलं ३,८७० च्या आसपास, शिवाय प्रक्रिया शुल्क. तुम्ही म्हणाल, हप्ता जास्त आहे म्हणून लवकर फिटलं. बरोबर. म्हणून तोच ४,४९० चा हप्ता कार्डावर भरून पाहू. सोळा महिने लागतात आणि व्याज-जीएसटीपोटी १८,००० रुपयांच्या वर जातात. रक्कम तीच, हप्ता तोच. फरक फक्त दराचा.

किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षं लांबते, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलं आहे. तो इशारा सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखा झाला आहे : सगळे पाहतात, वाचत कुणी नाही.

एटीएममधून रोख

कार्ड एटीएममध्ये घातलं की पैसे येतात, म्हणून ते आपले वाटतात. रोख उचलीला बिनव्याजी मुदत एका दिवसाचीही नसते. शिवाय साधारण अडीच टक्के, पण कमीत कमी ५०० रुपये, असं शुल्क बऱ्याच कार्डांवर लागतं. दहा हजार काढले तर शुल्क ५००, त्यावर जीएसटी ९०, तीस दिवसांचं व्याज सुमारे ३४५, त्यावर जीएसटी ६२. महिन्याभरात जवळजवळ हजार रुपये. दहा हजारांना दहा टक्के, तेही एका महिन्यात.

हे टाळायला काही जण ओळखीच्या दुकानात कार्ड ‘घासून’ रोख घेतात आणि दुकानदाराला दोन-अडीच टक्के देतात. खरेदी झालेलीच नसताना बिल फाडणं हे कार्डाच्या अटींचं उल्लंघन आहे. बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं, आणि पैसे वेळेत भरले नाहीत तर व्याज आहेच. अडचणीचा हा मार्ग नको.

बिनव्याजी हप्त्यांचं गणित

सणासुदीला दुकानात पाटी लागते : ‘नो कॉस्ट ईएमआय’. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावलं आहे. व्याज असतंच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते आणि ते झाकलं जातं. २४,००० चा फोन बारा हप्त्यांत, दरमहा २,०००. बँकेच्या हिशेबात हे वर्षाला १५ टक्क्यांनी दिलेलं २२,१५९ रुपयांचं कर्ज असेल, तर व्याज होतं १,८४१. ते सुटीत गेलं, पण त्यावरचा जीएसटी ३३१ रुपये तुम्हीच भरता. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असेल तर जीएसटीसह आणखी २३५. म्हणजे ५६६ रुपये गेले. आता दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "रोख दिले तर किती कमी कराल?" तो हजार कमी करत असेल तर तुमच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांची खरी किंमत दीड हजाराहून जास्त आहे. मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवल्याशिवाय बँकेने खरेदीचे हप्ते करू नयेत, असा नियम आहे. तो तपशील मागून घ्या.

दुकानातल्या कर्जवाल्याकडून ‘सरळ १२ टक्के’ ऐकलं तरी थांबा. लाख रुपये, वर्षाचे बारा हजार व्याज, बारा हप्ते ९,३३३ चे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावरच. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून नेहमी विचारा : घटत्या बाकीवर किती?

बाकीची शुल्कं

वार्षिक शुल्क कितव्या वर्षापासून आणि किती खर्चावर माफ, हे लेखी घ्या. परदेशी चलनातल्या खरेदीवर, म्हणजे घरबसल्या परदेशी संकेतस्थळावर केलेल्या खरेदीवरही, साधारण २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. कार्डावरून घरभाडं भरायला बऱ्याच बँका वेगळं शुल्क घेतात. मर्यादेबाहेर खर्च करण्याची सोय तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला चालू करता येत नाही. ती बंदच ठेवा. उशिराचा दंड देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच लावता येतो आणि तोही मागे राहिलेल्या रकमेवर. पण या तीन दिवसांचं व्याज माफ असतं असं समजू नका.

बक्षीस गुणांबद्दल एवढंच : शंभर रुपयांच्या खर्चावर साधारण रुपयाच्या आसपास परत मिळतो. एका महिन्याचं व्याज चार रुपये. गुणांसाठी खर्च वाढवणारा दर वेळी तोट्यातच राहतो.

कार्ड कुणी घ्यावं, कुणी नाही

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार किंवा पेन्शन येते, आणि बिल पूर्ण भरण्याएवढी शिल्लक खात्यात असते, अशा माणसाने कार्ड जरूर वापरावं. ज्याचे पैसे उसाच्या बिलावर, कांद्याच्या पट्टीवर किंवा एखाद्या ठेक्याच्या रकमेवर अवलंबून आहेत, त्याचं आणि कार्डाचं वेळापत्रक जुळत नाही. उत्पन्न हंगामी आणि बिल मासिक, यातच व्याज जन्म घेतं.

शेतकऱ्याने नावावरून गोंधळू नये. १९९८ मध्ये सुरू झालेलं किसान क्रेडिट कार्ड ही वेगळीच गोष्ट आहे. ते पीककर्ज आहे. गावच्या विकास सोसायटीमार्फत जिल्हा बँकेकडून किंवा राष्ट्रीयीकृत बँकेकडून घेतलेलं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीमुळे आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. ते हाताशी असताना खत-औषधाचं बिल साडेतीन टक्के महिन्याच्या कार्डावर टाकू नये.

आधीच अडकला असाल तर

पहिलं काम, त्या कार्डावरची नवी खरेदी बंद. दुसरं, सगळ्या कर्जांची यादी करा आणि प्रत्येकापुढे वर्षाचा दर लिहा. कार्ड बहुधा सर्वांत वर येईल. तिसरं, स्वस्त कर्ज काढून ते महाग कर्ज संपवा. मुदत ठेव असेल तर तिच्यावर उचल मिळते, दर ठेवीपेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज कार्डाच्या कितीतरी खाली आहे. काहीच नसेल तर वैयक्तिक कर्ज, किंवा कार्डाच्या बाकीचे हप्ते करून द्यायची बँकेकडेच मागणी. सोनं गहाण टाकायची लाज वाटते म्हणून कार्डाचं व्याज भरत राहणं हा तोट्याचा सौदा आहे. मात्र कार्ड मोकळं झालं की पुन्हा भरायचं नाही. नाहीतर एकाची दोन कर्जं होतात.

‘थोडी रक्कम भरा, बाकी माफ करतो’ असा तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो अखेरचा पर्याय समजा. पतअहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे घरकर्ज मागताना ती आडवी येते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवून वाचा.

तुमचे हक्क

रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ चे कार्डविषयक निर्देश त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाले. न मागता कार्ड पाठवून शुल्क लावलं तर बँकेने ते शुल्क परत करून त्याच्या दुप्पट दंड द्यायचा असतो. बाकी नसताना कार्ड बंद करायचा अर्ज दिला तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला मिळतात. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर चक्रवाढ व्याज लावता येत नाही. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

आज एवढं करा : कार्डाचं शेवटचं बिल उघडा. एकूण देय, शेवटची तारीख आणि व्याजाचा मासिक दर हे तीन आकडे कागदावर लिहा. दराला बाराने गुणा. आपोआप भरण्याची सोय ‘संपूर्ण’वर आहे की ‘किमान’वर, ते तपासा. पूर्ण भरता येत असेल तर कार्ड ठेवा. सलग दोन-तीन महिने पूर्ण भरता येत नसेल तर बाकी फेडून ते बंद करा.